सात नंबरची हजेरी

गोष्ट सुरू झाली ती एका लाकडी पेटीपासून. पेटी सुताराकडे तयार होती, ती आणायची होती, आणि जेवण उरकल्याबरोबर जावई सायकल काढून तिकडे गेला. बस, एवढंच. आपण गेलो नसतो तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं जावई आजही चारचौघांत सांगतो. त्याचं मनावर घेऊ नका. आपण पाठ फिरवली म्हणून सूर्य मावळतो, असं वाटणाऱ्या माणसांपैकी तो एक आहे.

मागे कारखान्यात राहिली दोन माणसं. भाची, म्हणजे जावयाची बायको, आणि तिचे मामा.

कारखाना हे आपलं घरच्या घरी म्हणायचं. एक लांबट शेड, वर पत्रा, दुपारी आत अंडं ठेवलं तर उकडून निघावं अशी. धंदा मात्र जगावेगळा. जुन्या मोठ्या लढाईत पडलेल्या विमानांचा पत्रा विकत आणायचा, त्याचे दोन बोटं रुंदीचे बिल्ले कापायचे, प्रत्येकावर नंबर ठोकायचा, कडा घासायच्या, भोकात कडी अडकवायची आणि सोबत एक दाखला द्यायचा, की हा तुकडा अमुक विमानाच्या डाव्या पंखाचा आहे. लोक जीव टाकतात त्यावर. ज्यांना स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवत नाही, ते विमानाचा नंबर झोपेत म्हणून दाखवतात.

जावई पत्रा कापायचा. भाची ठसे मारायची, कारण तिचा हात असा की माशीच्या पाठीवर नंबर टाकील आणि माशीला कळणार नाही. आणि मामा घासायचे. घासण्याची धूळ सगळीकडे उडू नये म्हणून मागच्या कोपऱ्यात दुधी प्लास्टिकचा जाड पडदा सोडला होता. पडद्यामागे घासायचं चाक, आणि चाकासमोर एक हात मोडलेली खुर्ची. ती मामांची. मामी गेल्यापासून मामांच्या घरी भिंतीवरच्या घड्याळाखेरीज कोणी बोलत नव्हतं. त्यामुळे जगात त्यांची म्हणावी अशी जागा ती एकच.

आता या कारखान्याची एक रीत सांगतो, ती लक्षात ठेवा. मागे एकदा चुकून एकाच नंबरचे दोन बिल्ले विकले गेले, आणि नशीब असं की ती दोन्ही गिऱ्हाइकं एकमेकांची साडू निघाली. पुढचे सहा महिने काय झालं ते विचारू नका. तेव्हापासून भाचीनं शिस्त लावली. ठसा मारला की नंबर मोठ्यानं उच्चारायचा, बिल्ला पडद्याखालच्या फटीतून पलीकडे सरकवायचा, आणि मामांच्या हातात पोचल्याचं उत्तर आल्याशिवाय पुढचा ठोकायचा नाही. ठसा बिघडला तर त्यावर फुली मारायची, "अमुक नंबर बाद" असं म्हणायचं, आणि पलीकडूनही "बाद" असं आलं की तुकडा भंगाराच्या डब्यात. दोघांनी म्हटल्याशिवाय बाद नाही.

पोचल्याचं उत्तर काय द्यायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. ते मामांनी ठरवलं. "हजर बाई."

मामा शाळेत गेले ते चौथीपर्यंत, त्यातलं अर्धं वर्गाबाहेर. पण हजेरी या विषयात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जो पोरगा आला नसेल त्याची हजेरी मामा लावायचे, आणि आवाज असा काढायचे की त्या पोराच्या आईनं ओ दिली असती. एक दिवस बाईंनी मोजलं. हजेऱ्या एक्केचाळीस आणि डोकी सव्वीस. त्याच आठवड्यात शाळेनं मामांना सोडलं आणि मामांनी शाळेला. हौस मात्र सुटली नाही. कारखान्यातही ते हरतऱ्हेच्या आवाजात हजेरी द्यायचे. कधी सर्दी झालेल्या फौजदाराच्या, कधी भाचीच्या सासऱ्यांच्या. सासरे वारून चार वर्षं झाली होती, तरी कारखान्यात त्यांची हजेरी रोज लागायची.

आणि गिऱ्हाइकांना तर मामांनी सोडलंच नव्हतं. महिन्यापूर्वी एकाला त्यांनी फोनवर सांगितलं, की बिल्ला पहाटे कानाला लावला तर वैमानिकाची शिंक ऐकू येते. त्या भल्या माणसानं चौथ्या दिवशी कळवलं, की ऐकू आली, पण दोनदा आली, हे बरोबर आहे का. भाचीच्या हातात तो फोन पडला आणि मामांचे दिवस भरले. त्या दिवशी सकाळीसुद्धा तिनं परत बजावलं होतं. आणखी एक थट्टा, एकच, आणि तू घरी. घासायला मशीन आणीन, ते तोंड उघडत नाही.

त्या दिवशीच एवढं बजावायचं कारण होतं. चार वाजता भिंगवाले साहेब येणार होते. हे गृहस्थ विमानांचे तुकडे जमवण्यात दोन घरं आणि एक बायको घालवून बसलेले, खिशात कायम भिंग, आणि त्यांनी खूण केली की बाकीचे सगळे जमवणारे मागून येतात. त्यांना हवे होते पहिले सात बिल्ले. एका तळ्याच्या गाळातून निघालेलं मोठं विमान होतं ते. त्याच्या धडाचा दारासकटचा तुकडा शेडमध्ये भिंतीला टेकवून उभा केला होता, पुरुषभर उंच, अजून फटींतून काळा गाळ सांडणारा. त्या दाराच्या कडेची पट्टी, जिथे चढताना हात टेकतो ती, कापली तर बरोबर सात बिल्ल्यांची होती. ना एक जास्त, ना कमी. विमानात माणसंही सातच होती.

जावयानं जेवताना त्या विमानाच्या माहितीचा कागद वाचून दाखवला होता. सातांपैकी सहा जण त्याच वेळी सापडले आणि त्यांना रीतसर माती मिळाली. सातवा शेपटीत बसणारा, बंदूक धरणारा. तो कुठे गेला ते आजतागायत कळलं नाही. मामांना त्यातलं एकच आवडलं. शेपटीतला माणूस उलटा बसतो. विमान जातं पुढे आणि तो बघतो मागे.

"म्हणजे निघालो की नाही हे त्याला सगळ्यात शेवटी कळणार," मामा म्हणाले, आणि वर जावयाला आठवण करून दिली, की लग्नात तू मला विमानात बसवायचं कबूल केलं होतंस, त्याला बावीस वर्षं झाली. जावयाला तेवढ्यात पेटी आठवली.

तर मामा खुर्चीत बसले, नाकाला फडकं बांधलं, पुढे चामड्याचं ओचकं, म्हणजे एप्रन, अडकवलं. त्याच्या नाड्या ते कधी बांधत नसत, पोट नको म्हणायचं. पलीकडे हातोडीचा एक ठोका पडला. स्वच्छ, नेमका.

"एक," भाची म्हणाली आणि बिल्ला फटीतून सरकला.

मामांनी तो उचलला. सासऱ्यांचा आवाज घशात तयार होता, पण सकाळची तंबी आठवून ते क्षणभर थांबले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं,

"हजर."

जाडसर, थकलेला, पुरुषाचा आवाज. पडद्यापलीकडून, दाराच्या तुकड्याच्या बाजूनं.

मामांनी बिल्ला पाहिला, पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या अंगातून आनंदाची लाट गेली. पोरीनं फोनमध्ये आवाज भरून ठेवला होता तर. सकाळी एवढं झापून दुपारी मामाचीच फिरकी. तीस वर्षं वाट बघितली होती त्यांनी, की घराण्यात कोणीतरी आपल्यावर जावं. रक्त शेवटी बोललंच. आता काही झालं तरी आपण हसायचं नाही, असं ठरवून मामा फडक्याच्या आत गाल फुगवून बसले.

"दोन."

"हजर." हा दुसराच. नाक चोंदलेला.

"तीन."

"हजर." हा तरुण, हसू दाबत असल्यासारखा.

"मामा," पलीकडून भाचीचा आवाज आला, "आवाज बदलू नकोस, मी मोजतेय."

वा. मामांना तिची पाठ थोपटावीशी वाटली. वर चोराच्या उलट्या बोंबा, आणि किती सहज. त्यांनी बिल्ला घासायला चाकाजवळ नेला तेव्हा तो ओला असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. तिन्ही ओले होते. थंडही होते, एवढ्या उकाड्यात. पोरगी तयारीची निघाली, बर्फसुद्धा आणला होता.

चौथ्याला चौथा आवाज आला. पाचव्याला पाचवा, तो जरा घाईत होता. सहावा फार हळू बोलला, आणि जागा बदलून बोलला. तो दाराकडून आला नाही. पडद्याला अगदी लागून आला, मामांच्या डाव्या कानाच्या उंचीवरून. तिथे प्लास्टिकवर बशीएवढं धुकं धरलं, आणि विरलं.

मामांचे गाल आपोआप खाली बसले.

भाची डावीकडे नव्हती. भाची समोर होती, तिच्या हातोडीची सावली त्यांना पडद्यावर दिसत होती. आणि फोनला... श्वास नसतो.

"सात," भाची म्हणाली.

बिल्ला फटीतून सरकत आला आणि मामांच्या पायाशी थांबला.

उत्तर आलं नाही.

शेडमध्ये एकदम शांत झालं. उन्हानं पत्रा तडतडत होता तोही थांबला. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. गाळाचा वास येत होता, तो आधीपासूनच होता, पण आता त्याच्याखालून दुसरा वास वर येऊ लागला... पेट्रोलचा. ताजा, डोळ्यांत झोंबणारा.

"सात," भाची पुन्हा म्हणाली. "मामा, झोपलास का?"

पडद्यापलीकडे कोणीतरी वजन या पायावरून त्या पायावर घेतलं. एक नव्हे, पुष्कळ जण. वाट बघणारी माणसं उभी असतात तशी. आणि मामांना सगळं ओळखीचं वाटलं. वर्गात नाव पुकारलं जायचं, पोरगा नसायचा, बाईंची पेन्सिल हवेत थांबायची, सगळ्यांच्या माना मागे वळायच्या. ते दोन क्षण. त्या दोन क्षणांत मामांची जीभ कधी जागेवर राहिली नव्हती. भीती वाटत होती, आणि तरी घशाशी ती जुनी खाज आलीच. हातात बिल्ला उचलला गेला. तोंड उघडलं.

"हजर," मामा म्हणाले. बारीक, कोवळ्या, वीस वर्षांच्या पोराच्या आवाजात. जन्मात एवढा छान आवाज त्यांनी काढला नव्हता.

पलीकडे सुटकेचे श्वास सुटले. एकामागून एक. सहा.

मग घासायचं चाक फिरायला लागलं. बटण बंद होतं. आधी अडखळत, मग सरळ, मग एवढ्या वेगात की मधे नुसतं धुकं दिसावं. घरघर जमिनीतून खुर्चीत आली, खुर्चीतून दातांत. ओचक्याच्या लोंबत्या नाड्या मामांच्या पाठीमागे आपोआप सरकल्या आणि कोणीतरी त्यांची गाठ मारली. घट्ट, जबाबदारीनं, जशी लहान पोराच्या बुटाची मारतात. मग खांद्यावर दोन थापा पडल्या. झालं, तयार.

आणि खरं सांगू का, मामांना मजा यायला लागली. मोठ्या माणसानं असं कबूल करू नये, पण येत होती. अडुसष्ट वर्षांत त्यांना कोणी कुठल्या टोळीत घेतलं नव्हतं. जिथे तिथे ते हसवणारे म्हणून दारात उभे. इथे सहा जण त्यांच्यासाठी खोळंबले होते. खुर्ची गरकन फिरली आणि मामांचं तोंड मागे झालं, भिंतीकडे. पण भिंत होती कुठे. भिंतीच्या जागी काळोख होता, त्यात गार वारा होता, आणि खाली, फार खाली, एक उजेडाचा ठिपका होता. पोटातून ती गोड कळ गेली, झोका सगळ्यात उंच गेल्यावर जाते ती. विमान. आपण विमानात. जावई गेला खड्ड्यात.

ठिपका लहान होत चालला. मामांनी डोळे बारीक करून पाहिलं. तो ठिपका म्हणजे शेड होती, दुधी पडद्यातून दिसणारी, आणि तिच्यात मुंगीएवढी भाची उभी होती, हातात हातोडी घेऊन.

तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. शेपटीतल्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं. हे विमान... परत आलेलं नाही.

त्यांनी हाक मारली. वाऱ्यानं ती तोंडातच कोंबली. हातातला बिल्ला टाकायला मूठ उघडली, तर तो पडेना. तळव्याला चिकटून बसला होता, बर्फाला ओठ चिकटतो तसा.

पडदा सर्रकन बाजूला झाला.

भाची आत आली ती भांडायच्या तयारीनं. काय दिसलं म्हणाल तिला? चाक सुरू, आणि मामा भिंतीकडे तोंड करून खुर्चीत ताठ बसलेले. बास, तिचा बांध फुटला. अर्ध्या तासात माणूस दारात येईल, आणि तुला हे सुचतंय. सहा आवाज काढलेस, मी एकदाच काय ते टोकलं. वगैरे. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही, तिची आई ते वाचील.

मामा हळूहळू म्हणाले, "बाळे... सातची हजेरी मी लावली."

"मग? सगळ्या तूच लावतोस."

"आधीच्या सहा मी नाही लावल्या."

"मग कोणी लावल्या? माझ्या सासऱ्यांनी?"

आता बघा. हा चेंडू तिनं मामांच्या हातात आणून दिला होता. सासऱ्यांवर मामांकडे कधीही चौदा विनोद तयार असायचे. भाची कमरेवर हात ठेवून पंधराव्याची वाट बघत उभी राहिली.

मामा काही बोलले नाहीत.

ते भाचीला भ्यायला पुरेसं झालं. गेल्या चाळीस वर्षांत, मामीच्या तेराव्यालासुद्धा, मामांनी असा चेंडू सोडला नव्हता. ती पुढे येऊन त्यांच्यासमोर वाकली. शेडमध्ये घाम निथळत होता आणि मामांच्या तोंडातून वाफ येत होती. भुवयांवर पांढरं काहीतरी धरलं होतं. तिनं बोटानं पुसलं, तर ते हिमाचं पाणी झालं.

"पेट्रोलचा वास येतो का तुला?" मामांनी विचारलं. "खरं सांग हं. थट्टा नको."

तिनं मान डोलावली. मग तिनं त्यांची मूठ उघडली आणि तळव्यावरचा बिल्ला पाहिला. ओढून पाहिला. मामा कळवळले, बिल्ला हलला नाही.

भाची ही फार विचार करणारी बाई नाही, ते काम ती नवऱ्यावर सोडते. पण या वेळी ती दोन क्षण थांबली. बिल्ला बिघडवला तर त्या पट्टीचा दुसरा तुकडा नव्हता. सातांचा संच मोडला की भिंगवाले साहेब वळून जाणार, आणि ते गेले की बाकीचेही जाणार. तिच्या हातात हा धंदा एवढाच होता, आणि तो तिनं वर्षभर झोप मोडून उभा केला होता. तिनं दाराच्या तुकड्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाशी जमिनीवर पाण्याचे ओघळ उमटले होते, सहा, एका रांगेत, आणि ते आत चालले होते.

तिनं मामांना हाताला धरून ओढत ठशांच्या ऐरणीपाशी नेलं. त्यांचा हात उताणा ऐरणीवर ठेवला. फुलीचा ठसा उचलला आणि बिल्ल्यावर टेकवला.

"अगं, हाताखाली हाडं आहेत माझी," मामा पुटपुटले.

"हलू नकोस. दाखवते तुला माशीच्या पाठीवर."

ठोका पडला. एकच, हलका, असा नेमका की बिल्ल्यावर फुली उमटली आणि मामांच्या हाताला नुसती मुंगी चावल्यासारखं झालं.

"सात बाद," भाची म्हणाली.

आता दुसऱ्यानं म्हणायचं होतं. रीत तशी होती. मामांनी तोंड उघडलं, आणि... थांबले. कारण पाठीमागे घरघर अजून चालू होती, आणि त्या तिसऱ्या पोराचं दाबलेलं हसू त्यात ऐकू येत होतं. फक्त एकदा वर जाऊन यायला काय हरकत आहे, असं मामांना वाटून गेलं. फक्त एक चक्कर. नंतर खाली आहेच की घड्याळ.

"मामा." तिचा आवाज फाटला. "म्हण ना रे."

चाळीस वर्षांपूर्वी ही पोरगी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा फाटकाशी ती अशीच म्हणाली होती, मामा, आत चल ना रे.

"बाद," मामा म्हणाले. स्वतःच्या आवाजात.

बिल्ला टपकन ऐरणीवर पडला. चाक घसरत घसरत थांबलं. ओचक्याच्या नाड्या सुटून लोंबू लागल्या. वर पत्रा पुन्हा तडतडायला लागला आणि भाचीनं तो बिल्ला दोन बोटांत धरून भंगाराच्या डब्यात टाकला, मेलेलं झुरळ टाकतात तसा.

पाच मिनिटांनी जावई पेटी घेऊन आला. सात खाचांची, आतून मखमल, फार सुंदर. सहाच बिल्ले आहेत हे त्याला कळलं तेव्हा तो खाली बसला आणि एक गोष्ट शांतपणे सांगा म्हणाला. दोघांनी दोन सांगितल्या, आणि त्याचा दोन्हींवर विश्वास बसला नाही. चारला भिंगवाले साहेब आले. त्यांनी पेटी उघडली, भिंग लावलं, एक ते सहा पाहिले, आणि रिकाम्या खाचेवर येऊन थांबले. बराच वेळ तिच्यातच बघत राहिले. जावई तोपर्यंत मनातल्या मनात शेड विकून मोकळा झाला होता.

"सातवा मुद्दामच ठेवला नाहीत," साहेब शेवटी म्हणाले, आणि त्यांचे डोळे चक्क ओले होते. "सापडलाच नव्हता तो. जागा मोकळीच हवी. तुमच्या आधी हे कोणाला सुचलं नाही."

जावयानं ताबडतोब ते श्रेय घेतलं. साहेबांनी पुढच्या विमानाचंही तिथेच पक्कं केलं. मामांची खुर्ची राहिली, मशीनचा विषय संपला, आणि संध्याकाळी मामांनी सायकलच्या घंटीत चिखल भरून ठेवला तेव्हा भाचीला इतकं बरं वाटलं की तीच आधी हसली.

इथे ही गोष्ट संपवता आली असती. जावई इथेच संपवतो.

पण काम तर पुढे चालू राहणारच ना. दुसऱ्या दिवशी आठ नंबरपासून ठोकायला सुरुवात झाली. मामांनी आधी डबा बघितला. त्यात कातरण होतं, सात नंबर नव्हता. असेल तळाशी, असं म्हणून ते बसले.

"आठ."

"हजर बाई," मामा म्हणाले, अगदी साध्या आवाजात.

आणि मागाहून, दाराच्या बाजूनं, कोणीतरी धापा टाकत म्हणालं... "हजर."

बारीक, कोवळा आवाज. लांबून पळत आलेल्या पोराचा. वर्ग भरून गेल्यावर दारात येऊन उभं राहतं ना एखादं, चेहरा लाल, सगळे आपल्याला सोडून पुढे गेले की काय या भीतीनं, तसा. मामांचे हात थांबले. सातच्या हजेरीला काल त्यांनी जो आवाज काढला होता तो हाच होता, टाचणीएवढाही फरक नव्हता.

"मामा, एकदाच म्हण," पलीकडून भाची म्हणाली.

काय सांगणार तिला? तू त्याला बाद केलंस, आणि तो आत्ता पोचलाय, हे? मामांनी आठ नंबर चाकाला लावला. दिवसभर प्रत्येक नंबराला दोन हजेऱ्या लागल्या. एक त्यांची, एक जरा उशिरा. दुसऱ्या दिवशी उशीर कमी झाला. तिसऱ्या दिवशी धापही नव्हती. मामा खुर्चीत किंचित सरकून बसू लागले, बाकावर दुसऱ्याला जागा करून देतात तसे. तेवढंच त्यांना सुचलं.

पुढच्या आठवड्यात मामांना ताप भरला. सकाळपासून रात्रीपर्यंत ते घरी पांघरुणात पडून होते आणि घड्याळाशिवाय कोणी बोलायला नव्हतं. दुसऱ्या दिवशी उतरला तसे ते कारखान्यात आले. काल खाडा झाला, चाळीस बिल्ले तुंबले असतील, असं काहीतरी म्हणत त्यांनी चप्पल काढली.

भाचीनं मान वर न करता ठसा पुसला.

"काय तुंबतायत. सगळे घासून ठेवलेस की काल. आणि खरं सांगू, छान वाटलं. चाळीस हजेऱ्या, सगळ्या तुझ्या नेहमीच्या आवाजात, एक विनोद नाही. असाच राहा रे."

मामांनी पडदा बाजूला केला. चाकाशेजारी चाळीस बिल्ले ओळीनं मांडलेले होते, कडा आरशासारख्या. ओचक्याच्या नाड्यांना घट्ट गाठ होती.

आणि खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती.